सुसान्नाबाईचा चुना

फार फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता आणि पाद्रीबाबा घोड्यावर बसून मिस्सेला यायचे, तेव्हाची ही गोष्ट. उंबरटेकच्या लोकांनी आपल्याच हातांनी देऊळ बांधायला घेतलं होतं. गवंडी होता लाजरस. त्याने ठेवलेला दगड ओळंबा न लावताच सरळ बसायचा, असं म्हणतात.

पण गावचे पंच इग्नासबाबा हट्टाला पेटले. संत योसेफाचा सण महिन्यावर आला होता.

"औंदाची मिस्सा नव्या देवळात व्हायला पायजे," ते म्हणाले.

"पंच, चुना मुरला न्हाई अजून," लाजरस म्हणाला.

"मुरंल की भिंतीत!"

भिंतीत मुरायला ते काय लोणचं आहे? भट्टीतून काढलेला कळीचा चुना पाण्यात पुरता विझावा लागतो. कच्चे खडे राहिले, तर पुढे पाणी पिऊन भिंतीतच फुगतात. लाजरसला हे ठाऊक होतं. पण पंचांपुढे बोलायची त्या काळी कुणाची छाती होती! सण थाटात झाला. आषाढात दक्षिणेकडची भिंत फुगली, तडकली आणि टेकू लावायला धावलेल्या लाजरसच्या उजव्या हातावर कोसळली.

हात कायमचा गेला. वर गाव म्हणालं, गवंडीच कच्चा होता. पंचांनी ब्रसुद्धा काढला नाही. लाजरस भाकरीही भिंतीकडे तोंड करून खाऊ लागला. मला अजून या गावाचा राग येतो, माझंच असलं तरी.

पाद्रीबाबा दुसरा गवंडी आणायला निघाले, तशी लाजरसची बायको सुसान्नाबाई घोड्यापुढे उभी राहिली.

"बाबा, ही भिंत माझाच मालक बांधंल. मला एक वरीस द्या."

"त्याला हात कुठे आहे, बाई?"

"डावा हाय की!"

तिने देवळामागे खड्डा खणला, कळी विझवली आणि वर पाणी राखलं. मुरता चुना ओला राहायला हवा. सुकला की मेला. थंडीपर्यंत निभावलं. मग दुष्काळ पडला, नदी आटली. ती वाळूत झिरा उकरायची, वाटीवाटीने घागर भरायची आणि कोसभर चालून खड्ड्यात ओतायची. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं. ती म्हणाली, "लागू द्या." तिने उकरलेला झिरा कधी आटला नाही, असं म्हणतात. भर उन्हात तिच्या घागरीतला थेंबही कमी होत नसे, असंही म्हणतात.

वैशाखात मात्र तिला तापाने लोळवलं. तीन दिवस खड्ड्यात पाणी पडलं नाही. चुन्याला कडेने भेगा जाऊ लागल्या. लाजरस एका हाताने तांब्या-तांब्या ओतत होता, पण तेवढ्याने काय होतंय!

तिसऱ्या दिवशी, रविवारी, मिस्सा सुटताना गावाने पाहिलं, की इग्नासबाबा पागोटं काढून, डोक्यावर घागर घेऊन येत आहेत. गडीमाणसाने डोक्यावर पाणी वाहिलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. ते खड्ड्यापाशी थांबले.

"घाई माझी व्हती," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "लाजरसनं मला नगं म्हनून सांगितलं व्हतं."

आणि त्यांनी घागर ओतली. त्या दिवशी घराघरातून पाणी आलं.

ताप उतरल्यावर सुसान्नाबाईने चुना मळायच्या घाणीत घातला. बैल दुष्काळात विकले गेले होते, म्हणून बायकांनीच घाणीचं दगडी चाक ओढलं. ते इतकं हलकं फिरलं, की संत योसेफानेही खांदा लावला होता, असं म्हणतात. लाजरसने डाव्या हाताने एकेक दगड बसवला. पुढे बाकीच्या तीन भिंती गावाने दोनदा बांधल्या. दक्षिणेकडची तीच आहे.

आजही सणाच्या आदल्या दिवशी बायका ते चाक ओढतात आणि त्या भिंतीला डाव्या हाताने चुना लावतात. त्याआधी इग्नासबाबांच्या घरचा कर्ता पुरुष पहिली घागर डोक्यावर घेऊन गावातून येतो, खड्ड्यापाशी थांबतो आणि म्हणतो, "घाई आमची व्हती."

सहा पिढ्या झाल्या. अजून एकानेही ते हळू म्हटलेलं नाही.