धाकटीचे दहा दिवस

समुद्रापलीकडच्या जपान देशात, फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी एक मठ होता. मठाच्या बागेत पाइनची सहा जुनी झाडं होती. ती सांभाळण्याचं काम एका माळ्याकडे होतं. त्याच्या आधी त्याच्या वडिलांनी तेच काम केलं होतं.

पाइन सांभाळायचा म्हणजे कात्री घेऊन भराभर छाटायचं, असं नव्हे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांद्यांच्या टोकांवर मेणबत्त्यांसारखे उभे कोवळे कोंब येतात, ते खुडायचे. थंडीच्या तोंडावर सुईसारखी जुनी पानं हातांनी काढायची, म्हणजे आतल्या फांद्यांना ऊन मिळतं. बोटं चिकाने काळी होतात, नखांखाली सुया टोचतात. पण ते झालं की झाड अगदी मोकळा श्वास घेतंय असं वाटतं.

माळ्याला दोन मुली होत्या. त्याची बायको लवकर गेली, तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं की आईवेगळ्या पोरींमध्ये दुजाभाव कधी करायचा नाही. भात वाढला की दोन्ही वाडगे तो डोळ्यांसमोर धरून बघायचा. एकीला नवे कपडे आणले की दुसरीलाही त्याच दिवशी. गावातली माणसं म्हणायची, "बाप असावा तर असा."

थोरली अंगाने दणकट होती. धाकटीला लहानपणी मोठा ताप आला होता. तेव्हापासून तिला लवकर दम लागायचा आणि थंडीत बोटं सुजायची. पण झाडांवर तिचा फार जीव. एखादी फांदी वाऱ्याने मोडली तर दिवसभर तिला जेवण गोड लागायचं नाही.

दोघी मोठ्या झाल्या तेव्हा बापाने काम वाटून दिलं. मठाच्या हिवाळी उत्सवाआधी जुनी पानं काढायला दहा दिवस, तीन झाडं हिची आणि तीन तिची. अगदी सारखं. थोरलीचं काम आठव्या दिवशीच उरकलं. धाकटीचं दहाव्या दिवशी दुसरं झाडही पुरं झालं नव्हतं. उरलेलं बापाने केलं.

उत्सव झाल्यावर तो धाकटीला म्हणाला, "पुढच्या वर्षीही असंच झालं तर तू मामाकडे जा. त्याच्या मिठागरावर पोती शिवायचं काम आहे. बसून करायचं. तुला दम लागणार नाही."

"बाबा, मला झाडं सोडून नाही जायचं."

"मला तरी कुठे पाठवायचंय? पण तुला सूट दिली तर तुझ्या ताईवर अन्याय होईल."

"मला चालेल की!" थोरली आतून ओरडली.

"तुला चालेल. मला चालणार नाही," बाप म्हणाला, आणि विषय संपला.

धाकटी त्या दिवशी बागेत जाऊन तळ्यावर झुकलेल्या फांदीखाली बराच वेळ बसून राहिली. तिच्या मनातलं थोरलीला सगळं कळत होतं. बापाशी वाद घालून उपयोग नाही, हेही तिला कळत होतं.

उन्हाळा आला. कोंब खुडायचा पहिला दिवस उजाडला. थोरली तीन पायांच्या शिडीवर चढली. बाप खाली शिडी धरून उभा होता.

"बाबा, आज सगळं झाड उरकून टाकते," ती म्हणाली. "वरच्या फांद्या, खालच्या फांद्या, सगळ्यांचे कोंब एकाच दिवशी. सगळ्यांना सारखं."

तिने वरच्या जाड कोंबाला हात घातला मात्र, बाप ओरडला, "थांब! हात काढ आधी!"

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? वरच्या फांद्यांना भरपूर ऊन मिळतं, त्या जोमात असतात. ती तळ्यावरची बघ, किती नाजूक आहे. दोघींना एकाच दिवशी खुडलंस तर वरच्या सगळा रस ओढून घेतील आणि ती मागे पडेल. दोन-तीन वर्षांत वाळून जाईल. आणि वाळलेल्या पाइनच्या फांदीला पुन्हा पालवी फुटत नाही."

"मग कसं करायचं?"

"नाजूक फांदीचे कोंब आधी खुडायचे. दहा दिवस थांबायचं. मग जोमदार फांद्यांना हात लावायचा. नाजूक फांदीला दहा दिवस आधी मिळतात, म्हणून शेवटी सगळ्या झाडाची पानं एका लांबीची येतात. इतकी वर्षं माझ्यासोबत काम करतेस, एवढं ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे. तुम्हीच शिकवलंत," थोरली शिडीवरूनच म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"मी? मी कधी विसरलो?"

"मला तीन झाडं, धाकटीलाही तीन. मला दहा दिवस, तिलाही दहाच."

बापाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. शिडी त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तो म्हणाला, "पण तिला जास्त दिवस दिले तर तुला काय वाटेल?"

"वरच्या फांदीने कधी तुमच्याकडे तक्रार केली का, बाबा?"

त्या वर्षी हिवाळ्यात, उत्सवाला वीस दिवस असतानाच बापाच्या सांगण्यावरून धाकटीने पहिल्या झाडाला शिडी लावली. थोरली घरी राहिली. शेजारची काकू कुंपणावरून डोकावली.

"काय गं, आजारी पोर झाडावर आणि तू घरात लोळतेस?"

"लोळत नाही, काकू, भात शिजवतेय. जेवायला येणार असाल तर मूठभर जास्त टाकते."

धाकटी हळूहळू काम करत होती. बोटं सुजली की कोमट पाण्यात धरायची, दम लागला की खाली बसायची, पुन्हा चढायची. मध्ये दोन दिवस गार पावसात फुकट गेले. दहा दिवसांनी थोरलीही आपल्या झाडांवर चढली आणि बघता बघता तिची तिन्ही उरकली. उत्सवाला एक दिवस राहिला, तेव्हा धाकटीच्या तिसऱ्या झाडाची एक बाजू बाकी होती.

"मी येऊ का गं वर?" थोरलीने खालून विचारलं.

"नको ताई. एवढं माझं मला करू दे."

बाप दूर उभा राहून बघत होता. मदतीला जावं म्हणून तो दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे फिरला. ऊन उतरायच्या आत धाकटी शिडीवरून खाली आली. तिची बोटं काळी झाली होती आणि झाडावर एकही जुनी सुई नव्हती.

उत्सवाच्या दिवशी मठाचे थोरले गुरुजी बागेतून सावकाश फिरले. सहाही झाडांपाशी थांबले.

"यातली थोरलीची कोणती आणि धाकटीची कोणती?" त्यांनी विचारलं.

माळ्याने पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत निरखून पाहिलं. जन्म त्याचा याच कामात गेला होता.

"मला सांगता येत नाही, महाराज," तो म्हणाला.

मग तो थोरलीकडे वळला. "मामाला निरोप धाड. म्हणावं, पोती शिवायला दुसरं कुणीतरी बघ. आमच्या घरात हात रिकामे नाहीत."

तात्पर्य: सगळ्यांना एकच माप लावणं म्हणजे न्याय नव्हे. ज्याला वेळ जास्त लागतो त्याला तो आधी द्यावा, म्हणजे तोही सगळ्यांच्या बरोबरीने उभा राहतो.