छातीतलं धुकं

एका राज्यात धुकं आभाळातून उतरत नसे, पोरांच्या छातीतून वर चढत असे. मुलगा असो की मुलगी, वयात येताना ते आत शिरे. गळ्याशी आलं की आवाज बसे, डोळ्यांशी आलं की पोराचंच धुकं होई. मग आई अंथरूण उचले, तेव्हा ओल तेवढी हाताला लागे.

त्या राज्यात रंगाऱ्याची लेक पोवळी राहत असे. तिच्या धाकट्या भावाचं, भानूचं, धुकं गळ्याला टेकलं होतं.

दरबार बसला. तिथं बसायचं तर केस पांढरे हवेत, असा रिवाज. डोक्यात काय आहे ते कुणी बघत नसे. राजाच्या रत्नजडित छत्राखाली म्हाताऱ्यांनी तीन उपाय ठरवले. आधी पोरांसाठी लोकरी बंड्या शिवल्या, मापं मात्र घेतली प्रधानांच्या पोटांची. पोरांची मापं काय, रोज बदलतात! मग गल्लोगल्ली नगारे वाजवले. शेवटी राजगुरूंनी ‘आमच्या वेळी’ या विषयावर प्रवचन लावलं. त्या दिवशी धुकं दुप्पट झालं.

पोवळी तळ्याकाठच्या टिटवीकडे गेली. टिटवीला राज्यातली सगळी जुनी पापं पाठ होती.

ती म्हणाली, "छत्र धूम्रकेशी चेटकिणीचं. राजाच्या आज्यानं लुबाडलेलं. त्याच्या सावलीत पोरांसाठी जे ठरेल त्याचं धुकं होईल, असा तिचा शाप आहे."

"उतारा?"

"तीन वस्त्यांतल्या पोरांनी आपलं आपण ठरवावं, उन्हात बसून. मग राजानं छत्र सोडून त्यांना विचारावं."

पोवळी धावत घरी आली. भावाला म्हणाली, उद्यापासून पहाटे उठायचं, आल्याचा रस घ्यायचा, टेकडी चढायची.

भानू घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, तूही दरबारातलीच निघालीस."

पोवळीनं भानूच्या सोबत्यांना अंगणात बोलावलं आणि त्यांच्यासोबत उन्हात बसली. गप्प राहणं तिला जड गेलं, पण राहिली. ऊन भिंतीवरून सरकलं, तेव्हा भानू आणि त्याचे सोबती बोलू लागले. रंगाचा पडका हौद त्यांना हवा होता, पोहायला. आणि काठावर राखण करणारं कुणी नको. त्यांनीच चुना कालवला, भेगा बुजवल्या. तळाशी जुनी नीळ होती, त्यामुळे पाण्यात आभाळच उतरलं. भानूनं बुडी मारली. त्याच्या नाकातून धुकं निघालं, पाण्यावर जरा टेकलं आणि उडून गेलं.

मग पोवळी उरलेल्या दोन वस्त्यांत गेली आणि तिथंही नुसती ऐकत बसली. मिठागरातल्या पोरांना दुपारची झोप हवी होती, त्यांनी ताडाच्या झावळ्यांचं छप्पर घातलं. विणकरांच्या पोरींना आतून कडी लागणारी एक खोली हवी होती. त्यांनी दार बसवलं, कडी घातली, आणि आत खूप वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

हे दरबाराच्या कानी गेलं. म्हातारे खूश झाले, श्रेय वाटून घेतलं, आणि छत्राखाली बसून फर्मान काढलं: गावोगाव हौद बांधा. जिथं प्यायला पाणी नाही तिथंही हौद! दुसऱ्या सकाळी धुकं परतलं. भानूच्या पापण्या पांढुरक्या झाल्या.

पोवळीनं त्याला पाठुंगळी घेतलं आणि दरबार गाठला.

प्रधान म्हणाले, "काळ्या केसांनी इथं बोलू नये."

"मी बोलत नाही. महाराज, तुम्ही याला विचारा."

तिनं भानूला सावलीबाहेर, उन्हात निजवलं. छत्राच्या झालरीआडून राजाला तो दिसेना. राजा उठला. त्याला चालताना पाहून कैक वर्षं झाली होती. गुडघे कुरकुरले, उन्हानं डोळे मिटले, तरी तो भानूपाशी येऊन वाकला.

"बाळ, तुला काय हवं?"

म्हाताऱ्यांची उत्तरं तयारच होती. राजानं हात वर केला.

भानू कसाबसा म्हणाला, "थांबा जरा. विचार करून सांगतो."

राजा तापल्या फरशीवर मांडी घालून बसला. मागे छत्राचा एकेक हिरा विरघळला, वाफ होऊन गेला. नुसती काठी उरली. भानूच्या पापण्या हळूहळू काळ्या झाल्या.

तेव्हापासून त्या राज्यात दरबार उघड्यावर भरतो. पोरं आधी बोलतात. म्हाताऱ्यांना ऊन लागतं. लागू दे.