हिरवा वाफा

एकदा एका राजाने समुद्रकाठच्या विद्यापीठाला एक काम सोपवले. खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात शोधायचे. आचार्यांचा आणि शिष्यांचा निर्वाह राजकोशातून चाले. वर्षे सरली, रोपे करपत राहिली, आणि अखेर कोशाधिकारी स्वतः पाहणीला येणार असा निरोप आला. हाती काही लागले नसेल तर विद्यापीठाला टाळे लागणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

थोरला शिष्य मात्र निर्धास्त होता. भोजनशाळेमागचा त्याचा वाफा लोंब्यांनी हिरवागार डोलत होता. पाहणीच्या आदल्या दिवशी बियाण्यांचा एक व्यापारी आचार्यांना भेटून गेला. जाताना त्याच्या काखेत गाठोडे होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर आचार्य त्याच वाफ्याला चटयांचा आडोसा करत होते. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हाताऱ्याने बियाणे विकले, दुसरे काय असणार?

कोशाधिकारी आले. आचार्य त्यांना एकेका करपलेल्या वाफ्यापाशी नेत आणि तो का गेला ते शांतपणे सांगत. अधिकाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या. "म्हणजे इतकी वर्षं राज्यानं वाळकी काडंच पोसली म्हणायची."

शिष्याला राहवले नाही. "महाराज, त्या चटयांमागे पाहा. गुरुजींनी मुद्दाम झाकलंय."

चटया दूर झाल्या. अधिकाऱ्यांनी लोंब्यांकडे पाहिले, मग संशयाने आचार्यांकडे. आचार्य शिष्याला एवढेच म्हणाले, "बाळ, इथली चिमूटभर माती जिभेवर ठेव आणि यांना चव सांग."

शिष्याने माती चाखली. ती मुळीच खारट नव्हती. रोज जेवणानंतर सारे विद्यार्थी इथेच ताटे विसळत. विहिरीच्या गोड्या पाण्याने इथले मीठ केव्हाच धुऊन गेले होते. आता 'खारट' एवढा एक शब्द उच्चारला तर विद्यापीठ वाचणार होते.

"खारट नाही," तो मान खाली घालून म्हणाला. "ताटांच्या पाण्यानं जगलंय हे. माझ्या ध्यानातच आलं नाही."

आचार्य म्हणाले, "मलाही कालच कळलं, माती चाखली तेव्हा. व्यापारी या बियाण्यासाठी उंची वस्त्रं घेऊन आला होता, ती त्याला परत न्यावी लागली. हे बी किनाऱ्यावर पेरलं गेलं असतं तर कित्येक घरांचं वर्ष बुडालं असतं. मी झाकलं, कारण डोळा एकदा हिरव्यावर गेला की मातीवर जात नाही. राज्य आपल्याला पोसतं ते हिरव्यावरसुद्धा शंका घेण्यासाठी. तू शंका घेतलीस, पण माझ्यावर. वाफ्यावर घ्यायची राहून गेली."

 कोशाधिकारी करपलेल्या वाफ्यांकडे वळले. "राजकोशातून धान्य येत राहील. पुढच्या वेळी मात्र हे मेलेले वाफे मला तुमचा हा शिष्यच दाखवील."

त्या दुपारी जेवण झाल्यावर शिष्य आपले ताट घेऊन उठला आणि विसळायला दूर विहिरीवर गेला.