गोड लागलं का?

"...पण महाराज, दाढीचा आणि छिन्नीचा संबंध काय?"

विश्रामने पुन्हा तेच विचारलं. धोंडबाबा महाराज ओट्यावर बसून रबरी मास्क धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"छिन्नीचा नाही. मास्कचा आहे."

मठात भैरवनाथाचं नवं देऊळ उभं राहत होतं. खांब झाले, पायऱ्या झाल्या, आता मूर्तीचा चेहरा तेवढा उरला होता. तो विश्रामनेच घडवावा असं सगळे म्हणत. पोराच्या हातात कला होती, आणि ही गोष्ट सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःला कळली होती.

घोडं अडलं होतं ते दाढीपाशी. चेहरा दगड घासायच्या शेडमध्येच घडायचा होता, आणि तिथे यंत्र फिरू लागलं की पिठासारखी धूळ उडते. महाराजांचे थोरले गुरुबंधू त्याच धुळीपायी खोकून खोकून गेले. तेव्हापासून मठात नियम झाला. मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही हे तपासल्याशिवाय शेडमध्ये पाय टाकायचा नाही. दाढी असेल तर तपासायचंसुद्धा नाही, कारण केसांवर रबर टेकत नाही.

आणि विश्राम तर नाथाला नवस बोलून बसला होता. मूर्ती पुरी होईपर्यंत वस्तरा लावणार नाही. दाढी छातीपर्यंत आली होती.

"महाराज, एकदा तपासून तर बघा. नाही बसला तर भिवाला द्या काम."

भिवा म्हणजे पायऱ्या घडवणारा. गुळगुळीत हनुवटीचा, सरळ माणूस. त्याने नाथाचा चेहरा घडवायचा, ही नुसती कल्पनाही विश्रामला सोसत नसे.

महाराजांनी मास्क झटकून उन्हात ठेवला.

"बरं. जेवणं आटोपल्यावर घटकाभराने ये. मधल्या वेळात काही खायचं नाही, चघळायचं नाही."

भिवाने विश्रामला सगळं समजावून सांगितलं होतं. मास्क चढवायचा. वरून डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात आणि त्यात साखरीनचं पाणी फवारतात. आत गोड लागलं तर मास्क गळतो. गोड लागलं की नापास.

गोड लागलं की नापास! विश्राम मनाशी हसला. पेढा खाऊन वर चहा प्यायला की चहा फिका लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तो मुदपाकखान्यात गेला आणि गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा तोंडात टाकून आला. नियम मोडतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मूर्तीचं वेड डोक्यात शिरलं की माणूस आंधळा होतो, आणि विश्राम तर आधीपासूनच थोडा तिरळा होता.

महाराजांसमोर सारख्याच दोन फवारे-बाटल्या होत्या. विश्रामने मास्क चढवला, पट्टे कान लाल होईपर्यंत आवळले. दाढी दोन्ही बाजूंनी भसाभस बाहेर आली. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं आणि टोपडं घातलं.

"तोंडाने श्वास घे. जीभ थोडी पुढे."

फुस्स... फुस्स...

"गोड लागलं?"

"नाही, महाराज."

"मान डावीकडे. आता उजवीकडे. आता मोठ्याने बोल काहीतरी."

विश्रामने आरती म्हटली. मध्ये मध्ये फुस्स होतच होतं.

"गोड लागलं?"

"बिलकुल नाही!"

महाराजांनी मान डोलावली. विश्रामच्या छातीवरचं ओझं उतरलं. झालं, नाथ आपलाच!

"मास्क काढ. टोपडं राहू दे."

"आता कशाला?"

"तुझ्या जिभेला गोड कळतं की नाही, ते बघायचं राहिलं. खरं तर आधीच बघायचं असतं. म्हातारा झालो, विसरलो."

महाराजांनी दुसरी बाटली उचलली. फुस्स... फुस्स...

विश्रामला काहीच कळेना. तोंडात नुसता गूळ. पण आता "नाही" म्हटलं तर सगळंच मुसळ केरात. उघड्या तोंडावर फवारलंय म्हणजे लागायलाच हवं.

"गोड लागलं?"

"लागलं, महाराज. चांगलं गोड आहे."

महाराजांनी टोपडं काढलं. दुसऱ्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. तळाशी थोडं राखलं आणि बाटली पुढे केली.

"पी."

विश्रामने घोट घेतला... चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला... गिळला.

नुसतं विहिरीचं पाणी.

त्याने बाटली खाली ठेवली. तोंडातल्या गुळाची त्याला आता शिसारी आली. महाराज ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते पहिली बाटली पुसत बसले होते.

"साखरीनला नाही म्हणालास," ते म्हणाले. "पाण्याला हो म्हणालास."

"चुकलो, महाराज."

"हं."

"पण मी दाढी काढली तर नवस मोडतो. नाही काढली तर चेहरा भिवाकडे जातो." विश्राम ओट्याच्या कडेला टेकला. "नाथाला मी काय सांगू?"

महाराजांनी हात पुढे करून त्याच्या दाढीला हलकेच झटका दिला. सकाळी अंगणात छिन्नी चालवली होती त्याची पांढरी पूड खाली ओट्यावर पडली.

"नाथाला काहीही सांगता येईल रे. धुळीला काय सांगणार आहेस?"