खाचेत न बसणारा बिल्ला

फार फार वर्षांपूर्वी, दिवस उगवून बरोबर तीन घटका झाल्या होत्या, तेव्हा राजाची दवंडी पलटणवाडीत आली आणि एका तरुण आईचं चुलीवरचं दूध उतू गेलं.

पलटणवाडी म्हणजे टेकडीवरची बारा घरं. एके काळी या राज्याचे शिपाई टोपीकर साहेबांच्या पलटणीत लढायला गेले होते. जे परत आलेच नाहीत, त्यांच्या घरच्यांना जुन्या राजानं ही घरं दिली. खूण एकच, शिपायाच्या टोपीवरचा, पलटणीनं मागाहून घरी पाठवलेला पितळी बिल्ला. त्यावर धावतं हरीण आणि हरणाच्या डोक्यावर मुकुट.

दवंडी अशी होती, "वाडीत तोतये घुसलेत हो! सगळ्यांनी दुपारी बिल्ले घेऊन दरबारात यावं. ज्याचा बिल्ला खोटा, त्यानं सूर्य मावळायच्या आत घर सोडावं!"

त्या आईनं चूल तशीच सोडून कोनाड्यातला बिल्ला काढला. बिल्ला तिच्या आजेसासऱ्यांचा होता, खरा होता. पण मन कुठं ऐकतं? नवरा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर लांब गेलेला. खोटा म्हणाले तर तान्ह्या लेकीला घेऊन जायचं कुठं? तिनं बिल्ला पदराच्या गाठीत बांधला, लेकीला कडेवर घेतलं. वाटेत ती गाठ दहादा चाचपून पाहिली.

दरबारात राजाचा पारखी बसला होता. त्याच्याजवळ एक लखलखीत बिल्ला होता. दूरदेशीच्या व्यापाऱ्याकडून त्यानं तो नमुना म्हणून मोठ्या हौसेनं मिळवला होता. त्याच्या मापाची खाच त्यानं एका फळीत कोरून घेतली होती. बिल्ला खाचेत बसला की खरा, नाही बसला की खोटा. पारख संपली!

सात घरांचे बिल्ले खाचेत बसले. चार घरांचे बसले नाहीत. मग हिची पाळी आली.

पारख्यानं बिल्ला दाबून पाहिला, फिरवून पाहिला. तो काही आत जाईना.

"खोटा!" पारखी म्हणाला. "नमुन्याहून कणभर मोठा आहे. वर हरणाचं नाकही नाही धड."

"नाक रोज घासून झिजलंय, बुवा. आजेसासरे शिपाई होते, रोज सकाळी चकाकी आणायचे. खालच्या खोलगट जागेतली रेघ बघा, कशी कोरल्यासारखी आहे."

"बाई, तुम्ही पोर सांभाळा. पितळेचं आम्ही बघतो."

"पोरच सांभाळतेय, बुवा. तिच्या डोक्यावरचं छप्पर तुम्ही काढायला निघालात!"

दरबारात खसखस पिकली. राजानं हात वर केला, तसे सगळे गप्प झाले.

ती ओताऱ्याची, म्हणजे पितळ ओतणाऱ्याची, लेक होती. बापाच्या भट्टीशेजारी रांगत मोठी झालेली. तिनं पारख्याचा नमुना हातात घेतला, उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ रव्यासारखी खरखरीत लागली.

"महाराज, पलटणीचे बिल्ले पत्र्यावर ठसा मारून केलेले असतात. त्यांची पाठ गुळगुळीत असते. हा नमुना ओतीव आहे. कुणीतरी खऱ्या बिल्ल्यावरून वाळूत साचा घेतला आणि त्यात पितळ ओतलं. ओतलेलं पितळ थंड होताना आखडतं. म्हणून नक्कल नेहमी खऱ्याहून कणभर लहान होते. माझा मोठा नाही, नमुनाच लहान आहे!"

"तोंडची वाफ!" पारखी ओरडला.

"करून दाखवशील?" राजानं विचारलं.

"दाखवते. भट्टी द्या, वाळू द्या. आणि माझ्या पोरीला कुणीतरी घ्या."

शेजारच्या म्हातारीनं लेकीला घेतलं. लेक रडायला लागली, तरी आईनं मागं पाहिलं नाही. ओल्या वाळूत तिनं आपला बिल्ला दाबून साचा घेतला. भाता चालवून पितळ वितळवलं, धार न तोडता ओतलं.

"पाणी मारून लवकर थंड करा," पारखी म्हणाला.

"तडा जाईल, बुवा. तेच हवंय का तुम्हाला?"

ऊन भिंतीवर चढलं. सूर्य कलायला लागला. ती साच्याशेजारी बसून राहिली, हात एकमेकांत घट्ट धरून. पितळ निवलं, तसं तिनं वाळू फोडली, ओतताना तोंडाशी राहिलेला पितळेचा दांडा कापला आणि नवा बिल्ला फळीपाशी नेला.

टक्! नवा बिल्ला खाचेत चपखल बसला.

म्हातारीनं लेकीला उंच धरून आरोळी ठोकली, "अगं, तुझी आई जिंकली गं!" आणि सगळा दरबार दणाणून गेला.

राजानं बाराही बिल्ले उलटे करायला लावले. खाचेत बसलेल्या सातांची पाठ खरखरीत निघाली. न बसलेल्या पाचांची गुळगुळीत. सात तोतये सूर्य मावळायच्या आत वाडी सोडून गेले. ती घरं शिपायांच्या खऱ्या नातवंडांना शोधून शोधून दिली.

पारख्यानं आपली फळी स्वतःच्या हातानं फोडली. तिच्यासमोर मान खाली घालून तो म्हणाला, "ताई, उद्यापासून मी तुमच्याकडे शिकायला येतो."

"या," ती म्हणाली. "पण भाता तुम्ही ओढायचा."

तात्पर्य: दुसऱ्याला खोटं ठरवण्याआधी आपलं माप खरं आहे का, हे तपासावं.

लहानांनो, मोठ्यांनो, ज्यांच्या हाती दुसऱ्याला तोलायचं काम आहे, त्यांच्या कानावर ही गोष्ट घाला. आणि त्यांना म्हणावं, पुढच्यालाही सांगा.