जास्तीचं पान

"मग तो आला का?"

विश्वंभरनं विचारलं. पायांतले बूटही अजून काढले नव्हते.

तुंगामाय ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"कोण?"

"ज्याच्यासाठी तुम्ही रोज एक पान जास्तीचं मांडायचात, तो."

"तुम्ही? माझ्या मागं आणिक कुणी हुबं हाय का रे?"

विश्वंभर वरमला. बूट काढून खाली बसला.

तेरणेकाठच्या या मठात तो सातव्या वर्षी आला होता. आईबाप नसलेली सात पोरं होती तेव्हा इथं. तुंगामायनं त्यांना जेवू घातलं, अक्षर शिकवलं, गप्प बसायलाही शिकवलं. यातलं शेवटचं विश्वंभरला जमलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो न सांगता निघून गेला आणि पुण्यात जाहिराती लिहू लागला.

भानवस मसाल्यासाठी त्यानं चार शब्द लिहिले. 'एक पान जास्तीचं मांडा.'

त्या चार शब्दांवर भानवसचं पाकीट घराघरांत पोचलं. एसटीच्या पाठीवर तेच, किराणा दुकानाच्या फळीवर तेच. लोक लग्नपत्रिकेत छापू लागले. सुचलं कसं, असं कुणी विचारलं की विश्वंभर म्हणायचा, "बसल्या बसल्या सुचलं."

मठाचं नाव त्यानं कधी घेतलं नाही. चोरीच्या दागिन्याचा सोनार कुणी सांगत नसतो.

"इठा," तुंगामायनं आत हाक मारली, "पाकिटावरचा माणूस आलाय बघ."

चुलीपुढून स्वयंपाकीण इठाबाई म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, मीठ लई घालता."

विश्वंभर हसला. तुंगामाय हसली नाही.

"कामून आलास?"

"कंपनी पुस्तक काढतेय. त्या ओळीला पस्तीस वर्षं झाली. ती कुठून आली ते मी लिहायचंय."

"मग लिही की. बसल्या बसल्या सुचलं म्हणून."

त्यानं चमकून पाहिलं.

"पेपरात वाचलं म्या," ती म्हणाली. "तुला अक्षर कुणी शिकवलं, इसरलास व्हय?"

विश्वंभरनं काढलेले बूट उगाच सरळ करून ठेवले.

"पुस्तकासाठी कुणी एवढ्या लांब येत न्हाई. खोटं घरी बसूनही लिहिता येतं. खरं काय ते बोल."

विश्वंभरनं सुपातली एक मिरची उचलली.

"माझा मुलगा, शंतनू. माझ्याशी भांडून गेला. सहा वर्षं झाली. फोन नाही, पत्ता नाही."

"अन् बायको?"

"कुमुद रोज त्याचं ताट मांडायची. आपल्या शेजारी." तो थांबला. "एक दिवस मी ते उचललं. म्हटलं, माझी जाहिरात माझ्याच घरात नको."

"मग?"

"मग नाही मांडलं तिनं. मागच्या पौषात वारली ती."

देठं खुडणारी बोटं थांबली... पुन्हा चालू झाली.

"आम्ही पोरं आपसांत बोलायचो, माय. ते पान तुझ्या निघून गेलेल्या लेकाचं आहे म्हणून. तो आला का, एवढंच सांग. आला असेल तर मीही उद्यापासून मांडतो."

"अन् आला नसंल तर?"

विश्वंभरनं हातातली मिरची सुपात परत टाकली.

माणूस देवाशीसुद्धा असाच बोलतो. आधी फळ दाखव, मग आळ्यात पाणी घालतो.

तुंगामायनं सूप बाजूला सारलं.

"वाढायची येळ झाली. पत्रावळी मांड."

"किती?"

"तुला ठावं. जगाला सांगत फिरतोस नव्हं?"

खांबाला टेकून दोन म्हातारे साधू बसले होते. इठाबाई होती, तुंगामाय होती, तो स्वतः होता. विश्वंभरनं पाच पत्रावळी मांडल्या. मग सहावी घेतली आणि उंबऱ्याजवळ, जिथं ती पूर्वी असायची तिथं, हातानं जागा पुसून ठेवली. भोवती पाणी फिरवलं. ठेवताना त्याला गहिवरून आलं. खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही वाटला.

"आता वाढ."

इठाबाईनं भाकरीचं टोपलं आणि अंबाडीच्या भाजीचं पातेलं पुढं सरकवलं.

विश्वंभरनं दोघा म्हाताऱ्यांना वाढलं. इठाबाईला वाढलं. आपल्या पत्रावळीवर भाकरी ठेवली. मग उंबऱ्याजवळच्या पानावर, अगदी निगुतीनं. तुंगामायपाशी आला तेव्हा टोपल्यात नुसतं फडकं उरलं होतं.

"भाकरी कमी पडली, माय."

"कमी कशी पडंल? पाच माणसं, पाच भाकरी."

"पण ते जास्तीचं पान..."

"जास्तीचं?" तिनं इठाबाईकडं पाहिलं. "काय गं, ह्या मठात जास्तीचं पीठ कवा होतं?"

इठाबाईनं मान हलवली. तिला यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

विश्वंभर टोपलं धरून तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं ती जुनी पंगत आली. पानं आठ. पोरं सात. आणि तुंगामाय...

तुंगामाय कुठं बसायची?

भिंतीशी? नाही. चुलीपाशी? नाही. ती बसायचीच नाही. पदर खोचलेला, हातात पळी, आणि तोंडी एकच, "होऊ द्या तुमचं."

बारा वर्षं तो त्या पंगतीला जेवला. पानं त्यानं रोज मोजली. पण वाढणारीला माणसांत कोण धरतं? चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही धरत नाहीत, मग हा तर पोर होता.

"माय... तुझं पान कुठं होतं?"

तुंगामायनं आपल्यापुढची रिकामी पत्रावळ उचलली, दुमडली आणि बाजूला ठेवली.

"सगळे उठले अन् वाटेवर कुणी दिसलं न्हाई, का मग मी उंबऱ्यापाशी त्याच पानावर बसायची," ती म्हणाली. "पन्नास वर्षं झाली. ऊन भाकर कशी लागती, ठावं न्हाई मला."

त्याला त्याचं उत्तर मिळालं. तो आला नव्हता.

विश्वंभर घाईनं वाकला. आपल्या पत्रावळीवरची भाकरी उचलून त्यानं तिच्यापुढं धरली. अजून वाफ निघत होती.

"ही घे. आज तरी."

तिनं भाकरीवर तळवा ठेवला. क्षणभर ठेवला... मग त्याचा हात मागं सारला.

"गप जेव. आज तू पाव्हणा हायस."

ते जेवले. म्हाताऱ्यांच्या चघळण्याचा तेवढा आवाज होता. मठात अन्न टाकायची रीत नव्हती. विश्वंभरनं पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास ढकलला. तुंगामाय पळी घेऊन उभी होती. ऐंशी पार केलेली बाई, एका हातानं खांब धरून.

"होऊ द्या तुमचं," ती म्हणाली.

सगळ्यांचे हात वाळले. उंबऱ्याजवळची सोडून पत्रावळी उचलल्या गेल्या. इठाबाईनं चूल विझवली.

मग तुंगामाय उंबऱ्यापाशी गेली. बसायच्या आधी तिनं बाहेर पाहिलं. नदीकडून येणारी पायवाट पांढऱ्या उन्हात पडली होती. तिच्यावर कुत्रंही नव्हतं.

ती बसली. भाकरी आता वातड झाली होती. ती तिनं दोन्ही हातांनी तोडली, भाजीत दाबून दाबून मऊ केली आणि सगळी खाल्ली. विश्वंभर बघत राहिला. कुणी जेवत असताना असं बघू नये, हेही तिनंच त्याला शिकवलं होतं.

निघताना त्यानं बूट हातात घेतले. पाया पडला आणि तसाच वाकून राहिला.

"आता मी काय करू? मांडू, का नको?"

"घरी माणसं किती?"

"किती म्हणजे... मी एकटाच."

तुंगामायनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. एक मिरची उचलली. देठ खुडलं.

"मग एकच पान मांड, लेकरा. अन् तू हुबा राहा."