करांद्यांची थकबाकी

डोंगर अजून कुणाच्याच नावावर नव्हता, तेव्हाची गोष्ट. भालोबा साळिंदराचं बीळ चांगलं ऐसपैस होतं. त्यातला दारालगतचा कोनाडा त्यानं एका मुंगसाला भाड्यानं दिला होता. भाडं म्हणून मुंगसानं रानातले करांदे उकरून आणायचे. पुढे मुंगूस आजारी पडलं, करांदे थकले, आणि रोजची बोलणी खाऊन कंटाळलेलं ते बिचारं एका पहाटे बिऱ्हाड घेऊन निघून गेलं.

भालोबाचं डोकंच फिरलं. "माझे करांदे बुडवून जातो म्हणजे काय!" म्हणत तो काटे फुलवून त्याच्या मागावर निघाला. त्यानं ओढा, माळ सगळं पालथं घातलं आणि भेटेल त्याला मुंगसाची लबाडी ऐकवली. शेवटी पल्याडच्या टेकडीवर, खवल्या मांजराच्या बिळात मुंगूस सापडलं.

मुंगूस भांडलं नाही. दिवसभर उकरून त्यानं राहिलेले सगळे करांदे पुढ्यात ठेवले. "घ्या मालक, मिटलं आपलं."

भालोबा ऐटीत घरी परतला. दाराशी पोचतो तोच आतून फुत्कार ऐकू आला. रिकाम्या कोनाड्यात नाग वेटोळं घालून बसला होता.

"जागा झकास आहे, मालक," नाग म्हणाला. "भाड्याचं बोलायला आत या ना."

भालोबाचे काटे आपोआप खाली बसले. "काही घाई नाही, सवडीनं द्या," असं पुटपुटत तो मागच्या मागे सरकला आणि करांदे सांभाळत पुन्हा पल्याडच्या टेकडीकडे निघाला. खवल्या मांजराकडे मुंगसाशेजारी एक कोनाडा रिकामा होता, आणि तिथं भाडं आगाऊ द्यावं लागे.